घोडीची बारी

आमच्या दादूमामाचा आवाज ज्यानं ऐकला नाही, त्याला चाकण कळलं असं मी म्हणणार नाही. बैलगाड्याच्या घाटात माणसं, बैल, धूळ, हलगी सगळं एकदम उसळतं आणि त्या सगळ्याच्या वरून मामाचा आवाज भोंग्यातून सुटतो, "झाली, झाली, झाली... भिर्रर्र!" त्या आवाजानं अंगावर काटा आला नाही असा माणूस मला दाखवा, मी त्याला पोटभर वडापाव चारतो.

ज्यांनी घाट पाहिलाच नाही त्यांना थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच आहे. घाट म्हणजे शर्यतीचा चढ. खाली गाडा जुंपतात, वर निशाण असतं. पुढं एक घोडी पळते, पाठीवर स्वार घेऊन, आणि तिच्या मागं बैल सुटतात. घड्याळ चालतं ते बैलांचं. घोडी कितीही जोरात गेली तरी तिचं कौतुक तिथल्या तिथं. ह्या एका धावेला आम्ही बारी म्हणतो. बारी संपली की मामा माईकवर पुकारणार: कुठल्या गावचा गाडा, कुणाचे बैल. एवढंच असतं. पण ह्या एवढ्याशासाठी आमच्याकडं माणसं जीव टाकतात. माझा आजा कोंडीराम, त्याचं नाव मामानं स्वतःला मिसरूड फुटलं त्या वयात पुकारलं. मग माझे वडील मारुतराव, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, त्यांचं नाव तर मामानं इतकं पुकारलं की आजही राजगुरुनगरच्या बाजारात कुणी ना कुणी त्यांना थांबवून 'सोन्या-बादशाचे धनी ना तुमी?' असं विचारतो.

आणि मग दोन हजार चौदा साली शर्यतींवर बंदी आली.

आप्पांनी सोन्या-बादशाची बैलजोडी विकली आणि महिनाभर कुणाशी धड बोलले नाहीत. पण मामाचं काय झालं ते विचारू नका. एवढा मोठा आवाज आणि तो टाकायला जागा नाही! घरात कुशामामीला 'मीठ दे' म्हणाला तरी शेजारची म्हातारी दचकायची. शेवटी मामीनंच त्याला घराबाहेर काढला आणि तो आमच्या कंपनीत कंत्राटावर लागला. काम काय, तर शिफ्ट सुटली की गेटबाहेर उभ्या असलेल्या बसगाड्यांचे मार्ग ओरडायचे. अहो, काय ओरडायचा! "आली, आली, सांगवीची आली! संत तुकाराम नगरवाले, चला उचला पाय!" दिवसभर मशीनवर उभी राहून पाय गळालेली माणसं त्या आवाजासरशी पळत सुटायची. ज्याला सांगवीला जायचंच नाही तोसुद्धा चार पावलं धावायचा आणि मग ओशाळून थांबायचा.

मी प्रेस शॉपला, म्हणजे पत्र्याचे भाग दाबून काढायच्या मशीनवर होतो. माझ्या शेजारच्या प्रेसवर नवनाथ नावाचा लातूरकडचा पोरगा आला. बोलायला कमी, पण पायात चेंडू असा खेळवायचा की बघत राहावं. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. घाटाच्या पायथ्याचं सपाट रान बंदीमुळं मोकळंच पडलं होतं, तिथं आम्ही फुटबॉल खेळायला लागलो. हळूहळू बाकीच्या कंपन्यांची पोरं आली, संघ झाले, आणि आमच्या ऑफिसातल्या निरंजन साहेबांनी 'गुरुवार करंडक' काढला. माईकवर बोलायला माणूस पाहिजे म्हणाले. मी छाती काढून सांगितलं, "साहेब, माणूस आपल्या गेटवरच उभा आहे!"

माझ्याच पायावर मीच धोंडा पाडून घेतला तो असा.

पहिल्या वर्षीचा पहिला सामना. जुन्या घाटाच्या आंब्यावर भोंगा बांधलेला, म्हणजे आवाज थेट आमच्या गावात, आमच्या ओट्यावर. नवनाथनं उजवीकडून दोघातिघांना चकवत चेंडू आणला आणि माझ्यापुढं टाकला. मी असा दणका दिला की जाळी हलली. करंडकातला पहिला गोल! मी हात पसरून धावत सुटलो आणि भोंग्यातून मामा गरजला, "झाली, झाली, झाली... भिर्रर्र! लातूरकरांच्या नवनाथची बारी! पुढं घोडी आपला गोरक्ष!"

घोडी!

गोरक्ष म्हणजे मीच. सगळं मैदान हसून लोळलं. मी तरातरा मामाकडं गेलो. "मामा, गोल मी मारलाय. परत पुकारा, माझ्या नावानं."

"पुकारलेली बारी परत पुकारत नसत्यात," मामा म्हणाला. "तुझ्या बापाला इचार. एकदा एका शेठची बारी माझ्याकडनं चुकून दुसऱ्याच्या नावावर गेली. शेठ पाया पडला, तरी परत पुकारली न्हाई. आन् इथं तर चुकलंबी न्हाई. घाट चढून चेंडू आणला कुणी? त्यानं. तू पुढं पळालास, पाय लावलास. पुढं पळती ती घोडी. बारी बैलाची असती."

आता ह्याला काय म्हणावं? जगात कुठल्याही मैदानावर गोल मारणाऱ्याचं नाव घेतात. आमच्याकडं मात्र पास देणाऱ्याचं. आणि हे एकदा नाही, दर गुरुवारी! मी डोक्यानं मारला, डाव्या पायानं मारला, एकदा तर चिखलात घसरत पाठीवर पडून मारला. भोंग्यात काय? "नवनाथची बारी!" नवनाथ बिचारा लाजून चूर व्हायचा. "भावा, मी काय करू सांग," म्हणायचा, "मी तर मामाला दर टायमाला सांगायलोय की." पण मामापुढं कुणाचं चालायचं? कंपनीत मला सगळे 'घोडी' म्हणायला लागले. सुप्रिया, माझी बायको, एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, खरं सांगा, तुम्ही तिथं खेळता ना? का नुसते चपला सांभाळायला जाता?"

मी हट्टाला पेटलो. मामाला जगाचं उदाहरण दाखवायचं ठरवलं. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर मोबाइल उघडायचा आणि त्याच्यापुढं धरायचा. हा बघा रोनाल्डो, हवेत किती वर उडाला! हा लेवांडोव्हस्की, जर्मनीत ह्याच्या नावानं स्टेडियम डोक्यावर घेतात. मामा चष्मा पुसून, कौतुकानं बघायचा. मनापासून बघायचा हो, ते मान्य करतो. आणि शेवटी हमखास विचारायचा, "ते समदं बेस. पर ह्याला चेंडू दिला कुणी?"

मला त्या देणाऱ्याचं नाव कधीच सांगता यायचं नाही. मग मी चिडायचो आणि तो चहाचा दुसरा कप मागवायचा.

मेस्सीवर मात्र त्याचा फार जीव जडला. "हा खरा," म्हणायचा. "हा घाट बी चढतो आन् निशाण बी मारतो. घोडी बी हाच, बैल बी हाच. बार्सिलोनाकरांच्या दावणीला लक्ष्मी हाय बग." मेस्सीनं बार्सिलोना सोडलं तेव्हा टपरीवर आमच्या पोरांनी कसले करार, कसले नियम, ह्याच्यावर वाद घातले. मामानं फक्त तो रडतानाचा व्हिडिओ पाहिला. "धनी रडल्याला लई बगितला," म्हणाला, "आपला मारुती रडला हुता. बैल रडल्याला आज पयल्यांदा बगतोय." आणि उठून गेला. चहा तसाच राहिला.

त्याच सुमाराला कुणीतरी पेपरचं एक पान टपरीच्या पत्र्याला चिकटवलं होतं. दहा वर्षांत जगात सगळ्यात जास्त गोल कुणी केले त्यांचे फोटो: मेस्सी, रोनाल्डो, लेवांडोव्हस्की, सुआरेझ, कवानी आणि बाकीचे. मी मामाला हाताला धरून तिथं उभा केला. म्हटलं, आता बोला! मामानं एकेका फोटोवर बोट ठेवून सगळी नावं वाचली आणि मागं वळून म्हणाला, "आन् देणाऱ्यांचं पान कुठं लावलंय?"

पण त्या पानानं एक काम केलं. निरंजन साहेबांनी तिथंच चहा पिता पिता जाहीर केलं, आपल्या करंडकाला दहा वर्षं झाली की आपणही दशकातल्या अव्वल गोल करणाऱ्याला मोठा चषक द्यायचा. रेफ्रीच्या हिशोबानं. रेफ्रीच्या म्हणजे, जगाच्या हिशोबानं! तिथं गोल माझेच होते. माझ्या बरोबरीला एकच जण, भोसरीच्या संघाचा गणराज. कधी तो पुढं, कधी मी.

पुढं बंदी उठली. घाट पुन्हा गाजायला लागला, मामा पुन्हा जत्रेजत्रेला माईक घेऊन उभा राहिला. मला वाटलं आता हा फुटबॉल सोडणार. छे! "जत्रा वर्सातनं एकदा," म्हणाला, "गुरुवार बारमाही हाय."

आप्पांनी मात्र पुन्हा बैल घेतले नाहीत. गुडघे गेले होते. ओट्यावर बसून राहायचे आणि घाटाकडून भोंग्याचा आवाज आला की कान टवकारायचे, मग तो शर्यतीचा असो की आमच्या फुटबॉलचा. एका गुरुवारी मी खेळून, घामानं भिजून घरी आलो, तर मला म्हणाले, "माझ्या बापाचं नाव घाटानं ऐकलं. माझं ऐकलं. तुझं कदी ऐकनार रं? का आपल्या घराचं नाव माझ्यापाशीच थांबायचं?"

मी म्हटलं, "आप्पा, गोल मीच मारतो. मामा नाव घेत नाही."

"दादू खोटं पुकारत न्हाई," एवढं बोलून त्यांनी मान फिरवली.

हे मला फार लागलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मागच्या दाराला जाऊन रडलो. तेव्हापासून मला त्या चषकाचं काही वाटेनासं झालं. चषक काय, कंपनीच्या काचेच्या कपाटात जाऊन बसणार, त्याच्यावरची धूळ हाऊसकीपिंगवाल्या मावशी पुसणार. मला मामाच्या तोंडून, त्या आंब्यावरच्या भोंग्यातून, आप्पांच्या कानावर माझं नाव पाहिजे होतं. एकदाच.

कोरोनाची सुट्टी धरून दहावं वर्ष उजाडलं. अंतिम सामना आमचा आणि भोसरीकरांचा. गणराज माझ्यापुढं एका गोलनं. म्हणजे मी एक मारला तर बरोबरी, चषक दोघांत. आदल्या दिवशी शिफ्ट सुटताना मी मामाला गेटवर गाठलं. अक्षरशः हात जोडले. "मामा, उद्या मी गोल मारला तर एवढं एक नाव माझं घ्या. आप्पा ऐकत असतात."

"बगू," मामा म्हणाला आणि वळून ओरडला, "चला, सांगवी!"

हे 'बगू' मला पाठ होतं. त्याचा अर्थ नाही.

गुरुवारी संध्याकाळी उन्हं उतरली तशी माणसं लोटली. कंपन्यांच्या बसगाड्या भरून आल्या, चढावर बायका-पोरं बसली, भेळवाल्यांच्या गाड्या लागल्या, कुणीतरी हलगीसुद्धा आणली. मामा नवा फेटा बांधून मंचावर. आणि सामना काय झाला, राव! गणराजचा एक फटका खांबाला लागून परत आला. आमचा एक फटका त्यांच्या गोलरक्षकानं बोटांच्या टोकांनी बाहेर काढला. पहिला भाग कोरा, दुसराही कोराच चालला. हलगी थांबेना, लोक बसेनात. मामाचा आवाज चढत चढत असा पोचला की भोंगा थरथरायला लागला. "घाट चढाचा हाय! कुनाचा गाडा निशाणाला जातो ते बगायचं!"

आणि अगदी शेवटाला, रेफ्री घड्याळाकडं बघायला लागला तेव्हा, भोसरीकरांचा एक पास तुटला आणि चेंडू मला मिळाला. मैदानाच्या मध्यावर! मी निघालो. एक आडवा आला, त्याला काढला. दुसऱ्यानं शर्ट धरला, शर्ट फाटला, मी थांबलो नाही. पुढं फक्त गोलरक्षक, आणि तो माझ्यावर धावून आलेला. त्याच्या बाजूनं जागा दिसत होती. मारला असता तर बसला असता, आजही शपथेवर सांगतो. पण डावीकडून नवनाथ पळत आलेला, एकटा, समोर जाळी सताड उघडी.

लोक म्हणतात गोरक्षनं त्याग केला. निरंजन साहेबांनी भाषणात संघभावना वगैरे बरंच सांगितलं. त्याग कसला, डोंबल! त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच होतं: मी मारला तर मामा नवनाथचं नाहीतर आणखी कुणाचं तरी नाव घेणार, मारणाऱ्याचं त्यानं दहा वर्षांत एकदाही घेतलेलं नाही. मी दिला तर माझं! आज घाट चढून चेंडू मी आणलाय. आज बैल मी आहे, घोडी तो. चषक गेला खड्ड्यात. मी चेंडू डावीकडं सरकवला आणि नवनाथनं तो अलगद आत ढकलला.

गोल! आणि लगेच रेफ्रीची शेवटची शिट्टी. जिंकलो! चढावरून माणसांचा लोंढा खाली सुटला. मी मात्र जागेवर उभा, डोळे मिटून, कान आंब्याकडं. आणि भोंगा फुटला.

"झाली, झाली, झाली... भिर्रर्र! लातूरकरांच्या नवनाथचा गोल! पाय लावनाऱ्याचा गोल! नवनाथ! नवनाथ!"

गर्दीतून वाट काढत, फाटक्या शर्टानं मी मंचावर चढलो. "मामा! दहा वर्षं देणाऱ्याचं नाव घेतलं आणि आज मी दिला तर..."

मामा माईक छातीशी धरून उभा होता. त्याचा चेहरा बघितला आणि माझं वाक्य अर्ध्यातच राहिलं. एवढा मोठा फेटेवाला माणूस, फेट्याच्या शेवानं डोळे पुसत होता.

"तुझ्यासाठीच बदललं रं," तो म्हणाला. "काल हात जोडलेस. रातभर इचार केला. म्हनलं, जल्मात एकदा नेम मोडायचा. जग ज्याचं नाव घेतं त्याचं घ्यायचं, मारनाऱ्याचं. सकाळधरनं घोकत हुतो. तू मारशील म्हून..." त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "तू आजच कशाला दिलास रं गाढवा!"

"तुम्ही नाव घ्याल म्हणून दिला!"

खाली हलगी तडतडत होती, पोरं नवनाथला खांद्यावर घेऊन नाचत होती.

"परत पुकारा ना मामा," मी म्हटलं. पण म्हणतानाच मला उत्तर माहीत होतं.

"पुकारलेली बारी..." मामा थांबला. मैदानाकडं पाहिलं, घाटाकडं पाहिलं, आमच्या गावाकडं पाहिलं. मग त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. मंचाच्या कडेला वाकला आणि पोरांच्या खांद्यावर बसलेल्या नवनाथच्या हातात माईक कोंबला. भरल्या घाटात मामाच्या हातातून माईक सुटलेला कुणी पाहिला नव्हता. "माझा नेम मला हाय, तुला न्हाई," तो खेकसला. "चेंडू कुनी आनला ते सांग. बापाच्या नावासकट सांग!"

नवनाथ गांगरला. ज्या पोराचा आवाज शेजारच्या प्रेसपर्यंत पोचत नाही, त्याच्या हातात अख्ख्या पंचक्रोशीचा भोंगा. तो खाकरला, भोंगा किंचाळला, सगळ्यांनी कानावर हात ठेवले. आणि मग तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "चाकणच्या मारुतरावांचा गोरक्ष! ह्यानं आणला! समदं ह्यानं केलंय! दहा वर्षं ह्योच करायलाय! गोरक्ष मारुतराव! भिर्र... भिर्र..." पुढं त्याचा आवाज चिरकला आणि माईकमध्ये नुसता खोकला आला.

मैदानानं जी आरोळी ठोकली ती माझ्या कानात अजून आहे. दशकाचा चषक गणराजनं उचलला, मी मनापासून टाळ्या वाजवल्या. त्याला पेढाही भरवला.

दिवेलागणीला घरी निघालो तर मामा मागं मागं चालत आला. ओट्यापाशी आलो तर सुप्रिया दारात उभी, डोळे पुसत हसत होती, आणि आप्पा ज्या गुडघ्यांवर आधाराशिवाय कधी उठत नाहीत, त्या गुडघ्यांवर खांबाला न धरता उभे. मला त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि मामाला विचारलं, "दादू, मगाशी माईकवर कोन हुतं रं?"

मामानं खाली बघितलं. "नवं पोरगं हाय. आवाज कच्चा हाय."

"कच्चा तर हायेच," आप्पा म्हणाले. "भिर्र बी धड म्हनता येत न्हाई." मग त्यांनी माझ्या फाटक्या शर्टाची बाही हातात धरली आणि सोडलीच नाही. "पर नाव बराबर घेतलं त्यानं. शिकव त्याला."